शेवटचे दोन इंच

माझ्या थारच्या मागच्या चाकातून पहिल्यांदा 'ठक्क' असा आवाज आला तो २०१२ च्या पावसाळ्यात, लवासातलं दासवे मागे टाकून मुगावकडे जाताना. रस्त्यात पाण्याने कापलेला आडवा चर होता, वेग फार तर वीसचा. तरी हाडं खिळखिळी झाली. शेजारी बसलेला मित्र वरचा दांडा घट्ट धरून म्हणाला, "अरे, गाडी उचलून घेतलीस ना तू?"

घेतली होती, आणि तेच दुखणं होतं. हे कळायला मला दोन वर्षं आणि शॉकअपच्या दोन जोड्या लागल्या.

थार बाजारात आली ऑक्टोबर २०१० मध्ये. पुढच्याच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लवासाला काम थांबवायची नोटीस दिली. वरसगाव धरणाच्या फुगवट्याकाठी, मोसे खोऱ्यात, इटलीतल्या पोर्टोफिनोची आठवण करून देणारं शहर उभं राहत होतं, ते अर्ध्यावर अडलं. त्याच्या पलीकडच्या वाटा आमच्यासारख्या रविवारच्या ड्रायव्हरांना मोकळ्या मिळाल्या. ज्यांच्या जमिनी त्या शहरात गेल्या त्यांना या वाटा म्हणजे खेळाचं मैदान नव्हतं, याची बोच तेव्हाही होती. पण ती चिखलात उतरेपर्यंतच टिकायची. पिरंगुट, मुठे, लवार्डे, टेमघरचं धरण, मग घाट. सकाळी सहाला निघालं की नाश्त्याच्या वेळेला चाकं बरबटलेली.

त्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे पिळाच्या सळया, आणि मागे जुन्या जीपसारखे पाटे. गाडी उचलायची तेव्हाची रीत एकदम स्वस्त. पुढच्या सळईचा बोल्ट काही आटे आवळायचा, मागे पाट्याला लांब शॅकल, म्हणजे पाटा चॅसीला जोडणारी पट्टी, लावायचं. शॅकल जितकं लांबवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते, त्यामुळे ते चांगलंच लांब लागायचं. दुपारपर्यंत दोन इंच उंची हातात. गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसायची आणि आम्ही तेवढ्यावर खूष.

पण बोल्ट आवळला म्हणून सळईचा जोर वाढत नाही. चाक फक्त आधीच खाली ढकललं जातं. खड्डा आला की त्याला आणखी खाली जायला जागाच उरत नाही, आणि वरचा आर्म आपल्या थांब्यावर आदळतो. मागची तऱ्हा तीच. एक्सल दोन इंच खाली गेला, शॉकअप मात्र कंपनीचाच राहिला, म्हणजे नुसत्या उभ्या गाडीतही तो अर्ध्याहून जास्त ताणलेला. चरात चाक पडलं की दाव्याला बांधलेल्या बैलासारखा हिसका बसायचा. तो 'ठक्क' गाडी खाली आपटल्याचा नव्हता, चाक खाली जाताना अडल्याचा होता. गाडी खाली आपटतेय असं समजून मी वर्षभर भलतीकडेच कारण शोधत बसलो.

मग २०१३ मध्ये लांब शॉकअप आले. परदेशी, गॅसचे, चकचकीत दांड्याचे. चाकणला शॉकअपचा कारखाना आहे, गॅब्रिएल तर १९६१ पासून या धंद्यात, सुरुवात मुलुंडला. आणि आम्ही पेटी समुद्रापलीकडून येण्याची वाट पाहत होतो! ते बसवल्यावर चर लोण्यासारखे जायला लागले. सोबत मागचे बंप स्टॉपही नवे लावले. बंप स्टॉप म्हणजे एक्सल वर येऊन चॅसीवर आपटू नये म्हणून मध्ये लावलेला रबराचा ठोकळा. वर्षभराने पाहिलं तर त्या रबरावर एक ओरखडा नव्हता, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटला. सस्पेन्शन इतकं छान झालंय की गाडी रबराला टेकतसुद्धा नाही!

त्याच महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन धामणओहोळहून परत आलो. सकाळी पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग. उजव्या शॉकअपचं सील गेलं होतं, दांडा किंचित वाकला होता. विकणाऱ्याने रस्त्याला दोष दिला. मी सगळ्यांना.

खरा प्रकार कळला २०१४ च्या मे महिन्यात, पौड रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या वस्तादांनी आधी यू-बोल्ट सोडले, पाट्यांचा गठ्ठा उलगडला आणि फक्त मुख्य पाटा परत बसवला, म्हणजे एक्सल जॅकने सहज वर-खाली करता येईल. एका बाजूने जॅक चढवत गेले. टायर चाकाच्या कमानीत शिरलं. वस्ताद खाली आडवे झाले, टॉर्च तोंडात धरला आणि बंप स्टॉप व एक्सल यांच्या मधल्या फटीत करंगळी घातली. करंगळी आत गेली, पण जॅकचा दांडा पुढे हलेना. शॉकअप पुरता मिटला होता, आणि रबर अजून पाऊण इंच लांबच होतं.

लांब शॉकअप उघडतो जास्त, तसाच मिटल्यावरही मूळच्यापेक्षा लांब राहतो. रबर जुन्या जागी ठेवलं तर मार अंगावर घ्यायचं काम शॉकअपच्या आतल्या पिस्टनवर येतं, आणि तो काही त्यासाठी केलेला नसतो. माझं कोरं रबर कामचुकार होतं, त्याची मी वाहवा करत होतो.

लेथवाल्याने लोखंडी पाइपाचे सव्वा इंची गुटके कापून दिले. पैसे घेतले साधारण चार मिसळींचे. रबर तेवढं खाली आलं. शॉकअपच्या दांड्याला केबल टाय बांधून मुगावपर्यंत गेलो. परत येऊन पाहिलं तर टाय दांड्याच्या टोकापासून अर्धा इंच अलीकडे थांबला होता. रबरावर पहिला काळा व्रण. मग लांब शॅकल काढून आखूड लावलं आणि उंची सव्वा इंचावर आणली. मित्रांना वाटलं, गाडी बसली.

खरा गुरू आधीच भेटला होता, ओळखला नव्हता. मुठ्याच्या बाजूला एक वडापवाले मामा होते. कमांडर जीप, आत आणि टपावर मिळून माणसं किती ते मोजायचा प्रश्नच नाही. पाटे सरळ होऊन उलटे वळायला आलेले, एक्सल सतत रबरावर टेकलेला. कंपनीची रबरं केव्हाच गळली होती; मामांनी ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे थरावर थर ठेवून बोल्टने आवळले होते. चहा पिताना मी हसलो होतो. मामा म्हणाले, "सायेब, पाटं रिकाम्या गाडीला. भरल्या गाडीला हेच पाटं." पुढे गाडी उचलायच्या किटांच्या जाहिरातींत पिवळ्या फोमचे बंप स्टॉप दिसायला लागले. बारीक छिद्रांचं पॉलियुरेथेन, आधी मऊ आणि दाबत गेलं की हळूहळू कडक. रबर केवळ अडवण्यासाठी नसतं, शेवटच्या दोन इंचांतली ती दुसरी स्प्रिंग असते, असं त्या कागदांत लिहिलेलं. मामांनी ते टायर कापून सांगितलं होतं.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. उंचीच्या शर्यतीला लगाम बसेल असं वाटलं, पण बोलण्यापुरताच बसला. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार विक्रीला आली, मागेही कॉइल स्प्रिंगवर, २२६ मिलिमीटरच्या क्लिअरन्सने. माझ्या मते हिला उचलायची गरजच नव्हती. तरी रांगा लागल्या. ऑस्ट्रेलियन किटमधल्या स्प्रिंगा विंच, लोखंडी बंपर आणि आठवड्याचं सामान धरून वळलेल्या असतात. आपल्याकडे गाडीत दोन माणसं आणि वेफर्सची पाकिटं. मग गाडी दगडासारखी उडते आणि लोक शॉकअपला शिव्या देतात.

लवासा तोवर वेगळ्याच वाटेने गेलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तळ्याकाठच्या दुकानांवर कुलपं दिसायला लागली, आणि जुलै २०२४ च्या पावसात दरड कोसळून बंगले गाडले गेले. त्यानंतर बरेच महिने मी तिकडे गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा मामा मुठ्यातच भेटले. कमांडर विकली, आता पिकअप आहे, मुलगा चालवतो. माझ्या गाडीखाली वाकून त्यांनी मी एव्हाना लावलेल्या पिवळ्या फोमवर अंगठा दाबून पाहिला. "मऊ हाय की. केवढ्याला पडलं?"

मी आकडा सांगितला. खरा नव्हे, निम्मा. तरीही मामा पिकअपचा पत्रा धरून हसत राहिले.