विरळ रानाचा कैवार

पक्षी पाहायचे तर समुद्रकिनारा हवा, नाही तर घनदाट जंगल, असे मानणाऱ्यांच्या नजरेत खानदेश येतच नाही. समुद्र आमच्याकडे नाही. तापी आहे, उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आहे. एवढ्या भांडवलावर आयुष्यभराचे पक्षिनिरीक्षण होते.

हतनूरची महती नव्याने सांगायला नको. तापी-पूर्णेच्या संगमाखालचे ते ४१ दरवाजांचे धरण. हिवाळा सरताना पाणी ओसरते, काठ उथळ होतात आणि चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पट्टकदंब यांची दाटी होते. चांगदेव-मेहूणच्या बाजूने उजाडताच पोहोचावे. नवशिक्यांनी जळगावात मेहरूण आणि धुळ्यात नकाणे, डेडरगाव हे तलाव आधी उरकावेत. शिरपूरकडचे अनेर अभयारण्य १९८६ चे. चाळीसगावकरांना पाटणादेवी आहेच. तिथल्या ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाची वाट पाहावी. लळिंगच्या कुरणात तित्तर आणि चंडोल आहेत, हिवाळ्यात भोवत्याही घिरट्या घालतात.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. खानदेशाचे नाव जगभर नेणारा पक्षी एकच, तो म्हणजे रानपिंगळा हे छोटे घुबड. पक्षितज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, पण त्याला ओळख मिळाली ती जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यामुळे. १८८२ मध्ये पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादी छापणारा हा माणूस. १८८४ मधला त्याचा नमुना हा शेवटचा खात्रीचा पुरावा. १९१४ ची म्हणून जी नोंद पुढे मिरवली गेली, ती माइनर्टझागन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाची लबाडी निघाली. जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली! डेव्हिडसनच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांच्या पथकाला रानपिंगळा शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. पुढे तोरणमाळच्या रानात आणि आमच्या यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या.

तो ओळखायला घाई करू नये. गावातल्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. याचा माथा जवळपास कोराच. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले. यावल अभयारण्यात पालच्या बाजूला एकदा तो पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर भर उन्हात बसलेला पाहिला. शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता, नजर खाली पाचोळ्यावर. बऱ्याच वेळाने सरळ खाली झेपावला आणि सरडा घेऊन वर आला.

त्या झेपेतच माझा मुद्दा आहे. दिवसा शिकार करणाऱ्या या पक्ष्याला मोकळी जमीन दिसावी लागते आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. दोन्ही मिळतात ते विरळ सागाच्या रानात. पण आमच्याकडे रानाची किंमत दाटीवर ठरवणारे जाणकार उदंड. मोकळी जागा दिसली की यांचे खड्डे तयार! कुरणातही झाडे, रानातल्या मोकळवणातही झाडे, आणि वर पर्यावरणरक्षणाचा फलक. दुसरीकडे ढोलीचे वठलेले झाड सरपणाला जाते आणि वनजमिनीवर नांगर चालतो. पूर्वी पायथ्याच्या गावांतून रान दारापासून सुरू व्हायचे. आता त्यासाठी चालत आत जावे लागते.

आणखी एक दुखणे सांगितलेच पाहिजे. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली आणि विकली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे चित्र पूजतो, त्याचाच बळी देणे ही कसली श्रद्धा?

अलीकडे मोठी लेन्स घेऊन येणारी मंडळी मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढतात, फोटो मिळाला की निघतात. विणीच्या दिवसांत याने घरटे धोक्यात येते. त्यापेक्षा वनखात्याची रीतसर परवानगी घ्या, त्या रानात वाढलेला एखादा पावरा आदिवासी वाटाड्या सोबत घ्या, त्याला योग्य मजुरी द्या. कोणत्या ढोलीत कोण राहते हे त्याला ठाऊक असते, आणि त्या ढोलीमुळे त्याच्या घरात दोन पैसे आले, तर वठलेल्या झाडावर कुऱ्हाड पडू नये म्हणून आधी तोच आडवा येईल.