पिलू मोदी : वास्तुरचनाकाराचे राजकारण

इमारतीतील जागा, उजेड, वारा आणि माणसांची ये-जा यांचा बांधकामाआधी कागदावर विचार करणारा तज्ज्ञ म्हणजे वास्तुरचनाकार. असे तज्ज्ञ राजकारणात क्वचितच उतरतात, आणि जे उतरले त्यांत मुंबईच्या पिलू मोदी यांचे नाव ठळक आहे. १९२६ मध्ये जन्मलेल्या मोदींनी मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेतले, ल कार्बुझिए या वास्तुरचनाकाराच्या चंदीगड प्रकल्पात काम केले आणि दुर्गा बाजपेयी यांच्यासह दिल्लीतील ओबेरॉय हॉटेलची रचना केली.

राजाजी आणि मिनू मसानी या नेत्यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये निघालेल्या स्वतंत्र पक्षाचा विरोध परवाना-राजला, म्हणजे कारखाना काढण्यासाठी सरकारी परवान्याची सक्ती करणाऱ्या व्यवस्थेला होता. या पक्षातर्फे मोदी १९६७ आणि १९७१ मध्ये गुजरातमधील गोध्र्याहून लोकसभेत गेले, आणीबाणीत तुरुंगात राहिले आणि १९७८ पासून १९८३ मधील निधनापर्यंत राज्यसभेत होते. विरोधकांवर परकीय हस्तक असल्याचा आरोप सर्रास होत असताना ‘मी सीआयएचा हस्तक आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून ते संसदेत आले, ही त्यांची खोडी आजही सांगितली जाते.

तरीही त्यांच्या राजकारणात त्यांचा व्यवसाय फारसा दिसत नाही, आणि त्यात नवल नाही, कारण गल्लीची रुंदी संसदेत ठरत नाही. बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्यासारख्या गावात, जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोदा आणि केजकडचे रस्ते मिळतात व कपिलधारला जाणाऱ्या भाविकांची वर्दळ असते, गटार, पाणी आणि दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे रोजचे विषय असून आराखडा वाचू शकणाऱ्या माणसाची खरी गरज तिथेच आहे.

असा माणूस स्थानिक कारभारात आला तर काय घडते, याचे एक उदाहरण आहे: ब्राझीलमधील कुरितिबा शहराचे महापौर झालेले वास्तुरचनाकार झाइमे लर्नर यांनी १९७२ मध्ये दुकानदारांचा विरोध असतानाही मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद करून पादचाऱ्यांना दिला, आणि १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या. मात्र त्यांच्या यशाचे गोडवे गाताना एक बाब सहसा वगळली जाते: पहिल्या दोन वेळा त्यांची नेमणूक लष्करी राजवटीत झाली होती आणि मतदारांनी त्यांना निवडले ते १९८८ मध्ये, तर मांजरसुंब्याच्या सरपंचाला आपल्या कारभारासाठी ग्रामसभेला तोंड द्यावे लागते.