शिकता शिकता पोर्टफोलिओ: गाळ्यातला मालक तुमची लिंक उघडतो तेव्हा



तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करताय आणि पुढे स्वतःचं काहीतरी सुरू करायचं डोक्यात आहे. मग हा प्रश्न पडणारच: अनुभव नाही, मशीन नाही, जीएसटी नंबर नाही, मला काम देणार कोण? साधं उत्तर आहे. ज्याला तुमचं काम बघायला मिळेल, तो देईल. त्यासाठी कॉलेजमध्ये असतानाच ऑनलाइन पोर्टफोलिओ तयार ठेवायचा. पास झाल्यावर जुने फोटो शोधत बसलात, तर निम्मे मित्रांच्या फॉरमॅट झालेल्या फोनमध्ये गेलेले असतात!

लिंक कोण उघडणार?

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात टेल्को आली. मग भोसरी, चिंचवड, तळवडे आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. गाडीचे सगळे पार्ट मोठी कंपनी स्वतः बनवत नाही. सप्लायर बनवतो, त्याच्याकडचं काही काम आणखी छोट्या सप्लायरकडे जातं. तुमचा पहिला ग्राहक बहुतेक याच शेवटच्या गाळ्यात बसलेला असतो. तिथे मालकच परचेस बघतो, मालकच क्वालिटी बघतो. तो तुमची लिंक मशीनच्या आवाजात, दोन फोनच्या मधे, मोबाइलवर उघडणार आहे.

म्हणून "माझ्याबद्दल" असा लांबलचक निबंध नको आणि आवाजाशिवाय कळणार नाही असा व्हिडिओही नको. वर चार गोष्टी ठेवा: नाव, काम, ठिकाण, फोन नंबर. उदाहरणार्थ: "जुन्या टू-डी ड्रॉइंगवरून थ्री-डी मॉडेल करून देतो. चिंचवड. संध्याकाळी ५ नंतर उपलब्ध." विद्यार्थी आहात हे लपवू नका. वेळ स्पष्ट सांगितली की समोरचा त्याप्रमाणे काम देतो.

तीन कामं पुरेत, पण पूर्ण लिहा

सर्टिफिकेटचे वीस फोटो बघायला कोणालाच वेळ नाही. तीन कामं निवडा आणि प्रत्येकाची माहिती अशी द्या. हा फक्त नमुना आहे, आकडे तुमचे टाका:

- काम: ड्रिलिंग जिग, एमएस प्लेट
- माझा वाटा: चौघांचा ग्रुप. डिझाइन आणि ड्रॉइंग माझं.
- अडचण: पहिल्या ट्रायलला दोन भोकांमधलं अंतर ०.४ मिमी चुकत होतं.
- उपाय: लोकेटिंग पिनची जागा बदलली.
- निकाल: नंतरच्या १० पीसमध्ये फरक ०.१ मिमीच्या आत. मोजमाप व्हर्नियरने, लीस्ट काउंट ०.०२ मिमी.

"अडचण" ही ओळ गाळू नका. गाळ्यात रोज काही ना काही चुकतंच. चुकल्यावर हा मुलगा किंवा मुलगी काय करते, हे मालकाला त्या ओळीतून कळतं. आणि ग्रुपचं काम एकट्याचं म्हणून दाखवू नका. "ही पिन इथेच का घेतली?" एवढ्या एका प्रश्नात सगळं उघडं पडतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या मॉडेलचंही तेच.

फोटो तीनच ठेवा: ड्रॉइंग, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढलेला जॉब आणि मोजमापाचा तक्ता. वेबसाइट, अकाउंटिंग किंवा फोटोग्राफी शिकत असाल तरी ढाचा हाच: काय केलं, कोणासाठी, काय अडलं, शेवटी काय झालं.

दुसऱ्याचं ड्रॉइंग टाकू नका

इथे खरा धोका आहे, नीट वाचा. इंटर्नशिपमध्ये हाताळलेला पार्ट पोर्टफोलिओत टाकावासा वाटतो. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला चौकोन बघा. हे ड्रॉइंग कंपनीच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय कॉपी करू नये, असं तिथे बऱ्याचदा छापलेलं असतं. काही प्लांटच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तेही याचसाठी. तुमचा एक फोटो बाहेर गेला, तर ज्या छोट्या सप्लायरने तुम्हाला शिकायला घेतलं, त्याची ऑर्डर धोक्यात येऊ शकते. आणि लिंक बघणारा मालक मनात म्हणेल, "उद्या माझंही ड्रॉइंग हा असंच टाकेल."

मग करायचं काय? परवानगी मागा, तीही लेखी. व्हॉट्सअॅप मेसेज किंवा ईमेल जपून ठेवा. मिळाली नाही तर कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि मापं न देता फक्त तुम्ही काय शिकलात ते लिहा. किंवा तेच तंत्र वापरून स्वतःच्या कल्पनेचा वेगळा पार्ट बनवा. फोटोची मागची बाजूही तपासा. भिंतीवरच्या बोर्डावर दुसऱ्याच कामाचं ड्रॉइंग लटकलेलं असू शकतं.

खर्च किती?

सुरुवातीला शून्य. गुगल साइट्सवर मोफत पान बनतं. कोडिंग येत असेल तर गिटहब पेजेस आहे. फक्त कॉलेजने दिलेल्या ईमेलवर बनवू नका. पास झाल्यावर तो आयडी बंद झाला, तर पानही हातातून जाऊ शकतं. स्वतःचा साधा, नावाचा ईमेल वापरा. आधार, मार्कशीट, जन्मतारीख, घरचा पत्ता यातलं काहीही पानावर नको.

पान तयार झालं की लिंकचा क्यूआर कोड काढून व्हिजिटिंग कार्डवर छापा. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीने बनवला, तोच मुळी गाड्यांच्या पार्टची नोंद ठेवण्यासाठी. ऑटोवाल्यांना त्याचं कौतुक सांगावं लागत नाही!

लिंक पाठवताना एवढं लक्षात ठेवा: इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. पुढे नियमित काम मिळायला लागलं की उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, एजंटला पैसे देण्याची गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

एकच काम निवडा आणि वरच्या पाच ओळी भरा. मग ओळखीच्या एखाद्या गाळेवाल्या काकांना मोबाइलवर दाखवा आणि स्वतः गप्प बसा. त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तुमच्या पानावर नव्हतं. घरी येऊन ते लिहा, आणि मगच दुसरं काम घ्या.