२८ दिवसांत मिटणारी नळी

मागच्या ग्रहणात आमच्या वस्तीतली सात महिन्यांची एक गरोदर पोर तासन् तास नुसती बसून होती. भाजी चिरायची नाही, शिवायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. तिच्या जावेचं बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलं होतं आणि "हिनं ग्रहण पाळलं नाही" असा दोष जावेच्या माथी मारला होता.

भगिनींनो, त्या बाळाच्या पाठीत खरं काय घडलं ते समजून घेऊ.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीवर पेशींची चपटी पट्टी तयार होते. तिच्या कडा उचलल्या जातात, करंजीसारख्या जुळतात आणि नळी बनते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. कुठल्या पेशीनं कधी वळायचं हे जनुकं ठरवतात. ती आई आणि बाप दोघांकडून येतात. उंदीर, म्हैस, माणूस, सगळ्या सस्तन प्राण्यांत ती बरीचशी सारखी असतात. पॅक्स-३ हे जनुक बिघडलं की उंदराच्या गर्भाचीही नळी उघडी राहते. उंदराला कुठलं ग्रहण?

ही नळी २८ व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तेव्हा. वर उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी घडत नाही, बाळ जगत नाही. खाली राहिली तर पाठीवर गाठ येते, पायांत ताकद नसते, लघवीवर ताबा राहत नाही. सातव्या महिन्यातलं ग्रहण यात काय करणार?

जनुकं आपल्या हातात नाहीत, पण फॉलिक ॲसिड आहे. पेशी वाढायला ते लागतं. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून ते दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला, असं १९९१ साली सिद्ध झालं. ते नीट वापरायला शरीराला बी-१२ही लागतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं १९९३ पासून खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यांच्यात बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली.

म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर घेतलेली गोळी रक्तासाठी चांगलीच, पण नळीसाठी उशिराची. पालेभाजी, हरभरा, डाळ खा. बी-१२ भाजीत नसतं; त्यासाठी दूध, अंडी, सुकट, मटण. फिटची औषधं किंवा साखर असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा, गोळ्या मनानं बंद करू नका. १८ ते २० आठवड्यांत सोनोग्राफी करून घ्या.

त्या जावेला पुढच्या वेळी जास्त मात्रेची गोळी लागेल, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि आधीपासून. पण त्याआधी घरच्यांनी तिला एवढं सांगावं : बाई, तुझी चूक नव्हती.