लॅपटॉपचा कळफलक : कार्यप्रणाली बदलल्यानंतरचे बिघाड व त्यांची परीक्षा

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील प्राथमिक शाळांत लॅपटॉप ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. यू-डायस प्लसची माहिती, शालार्थ प्रणालीतील वेतनदेयके, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या नोंदी ही सर्व कामे त्याच्याच आधारे पार पडतात. ज्या शाळेत असे यंत्र एकच असते, तेथे ते बंद पडले म्हणजे शाळेचा लेखनिकच रजेवर गेल्यासारखे होते. त्यातही कळफलक बंद पडला असता अडचण विशेष असते. पडदा उजळलेला असतो, चित्रे दिसत असतात, परंतु प्रवेशाचा संकेतशब्द घालता येत नाही. दुरुस्तीसाठी पालघर किंवा नाशिक गाठावे लागते. तेवढी सवड मिळेपर्यंत यंत्र कपाटात जाते, आणि एकदा कपाटात गेलेले यंत्र पुष्कळदा जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखनाच्या यादीतच उतरते.

यांतील कित्येक यंत्रे मोडलेली नसतात. कार्यप्रणाली, म्हणजे जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, बदलल्यानंतर जो कळफलक काम करीनासा होतो, त्याचा दोष बहुधा कळांत नसून कळ व अक्षर यांमधील संबंधात असतो. हा संबंध कसा जुळतो, तो कोठे तुटतो, आणि तो तुटला आहे की कळफलकच खराब झाला आहे हे शिक्षकाने शाळेतच कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

जुन्या टंकलेखन यंत्रात प्रत्येक कळीला एक दांडी जोडलेली असे व तिच्या टोकावर अक्षर कोरलेले असे. कळ दाबली की दांडी उठून कागदावर आपटे. त्यामुळे अक्षर उमटले नाही तर दोष लोखंडात आहे हे उघड होते.

लॅपटॉपच्या कळीखाली असे कोणतेच अक्षर नसते. तेथे पातळ पापुद्र्यांवर आडव्या व उभ्या वाहकरेषांचे जाळे असते. कळ दाबली असता एक आडवी व एक उभी रेषा परस्परांस टेकतात. एक छोटा नियंत्रक हे जाळे दर सेकंदास अनेक वेळा तपासत असतो. कोणत्या ठिकाणी रेषा टेकल्या हे पाहून तो केवळ एक क्रमांक पुढे पाठवतो. प्रचलित संकेतानुसार इंग्रजी एच ज्या कळीवर छापलेला असतो, तिचा क्रमांक ३५ आहे. हा क्रमांक प्रथम ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थ आज्ञावलीकडे जातो. तिने तो स्वीकारल्यावर कार्यप्रणाली आपल्याजवळील तक्त्यात पाहते आणि त्या क्रमांकापुढे जे अक्षर लिहिले असेल ते पडद्यावर उमटवते.

हा तक्ता कोणता लावला आहे यावर सर्व काही अवलंबून असते. इंग्रजी तक्ता असेल तर ३५ क्रमांकाच्या कळीने एच उमटतो. भारतीय मानक असलेला इनस्क्रिप्ट तक्ता असेल तर तीच कळ ‘प’ देते, व शिफ्टसह दाबल्यास ‘फ’ देते. उच्चारानुसारी मराठी तक्ता असेल तर तिच्यातून ‘ह’ निघतो. कृतिदेवसारख्या जुन्या टंकाची रीत आणखी निराळी. तेथे संगणक आपल्या नोंदीत एचच ठेवतो, परंतु पडद्यावर त्याच्या जागी दीर्घ वेलांटीचे चित्र दाखवतो. कळ एक, क्रमांक एक, आणि फळे मात्र चार.

शाळेच्या घंटेचा दाखला येथे लागू पडतो. तीन टोल म्हणजे मधली सुट्टी, हे घंटेवर लिहिलेले नसते. तो शाळेतील नियम असतो. नवे मुख्याध्यापक आले व त्यांनी टोलांचा अर्थ बदलला, तर घंटा शाबूत असूनही मुले गोंधळतील. त्या गोंधळाला उपाय म्हणून कोणी नवी घंटा विकत आणणार नाही.

२. कार्यप्रणाली बदलताना काय बदलते

विंडोज ७ या कार्यप्रणालीचा आधार तिच्या निर्मात्यांनी १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे शाळाशाळांतून विंडोज ११ बसवण्याची निकड उत्पन्न झाली. या नव्या प्रणालीस किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. तिला मान्य असलेल्या प्रक्रियकांची यादीही ठरलेली आहे. ज्या जुन्या यंत्रांत हे नाही, त्यांवर ती आडमार्गाने बसवली जाते. अशा वेळी यंत्राच्या निर्मात्याने त्या प्रणालीसाठी ड्रायव्हर तयार केलेलाच नसतो, व बिघाडाची शक्यता वाढते.

कार्यप्रणाली बदलताना दोन गोष्टी हलतात : एक ड्रायव्हर व दुसरी तक्त्याची निवड. ड्रायव्हर चुकीचा आला तर कळफलक मुका होतो किंवा यंत्रच अडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अद्ययावतीकरणातून एचपी कंपनीच्या काही यंत्रांना कळफलकाचा एक ड्रायव्हर पोहोचला, आणि ती यंत्रे निळ्या पडद्यावर अडकून पडू लागली. पुढे तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. त्या यंत्रांच्या कळा धडधाकट होत्या.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्याच विंडोज ११ च्या अद्ययावतीकरणानंतर यूएसबीने जोडलेले कळफलक व माऊस नेहमीच्या कामात नीट चालत, परंतु दुरुस्तीसाठी असलेल्या रिकव्हरीच्या पडद्यावर चालेनात. म्हणजे रोग्याला औषध घेण्याच्या वेळीच हात उचलता येऊ नये, असा तो प्रकार झाला. २० ऑक्टोबर रोजी स्वतंत्र दुरुस्ती प्रसृत करून हा दोष काढण्यात आला. एकच कळफलक एका पडद्यावर चालतो व दुसऱ्यावर चालत नाही, यावरून दोष त्याच्या शरीरात नाही हे सिद्ध होते.

तक्त्याची निवड बदलल्यास कळफलक मुका होत नाही, तो भलतेच बोलू लागतो. मे २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून मराठीसाठी इनस्क्रिप्टबरोबर उच्चारानुसारी तक्ताही उपलब्ध झाला. प्रणाली नव्याने बसवली असता कित्येकदा केवळ इंग्रजी तक्ता उरतो, किंवा मराठीचा दुसराच तक्ता पुढे येतो. शिक्षकास हे तत्काळ कळते. बालकास कळत नाही. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा घरांतून आलेले मूल पुस्तकी मराठीची ओळख शाळेतच करून घेत असते. ‘प’ अशी चिकटपट्टी लावलेली कळ त्याने दाबावी व पडद्यावर ‘ह’ उमटावा, तर चूक आपलीच झाली असे ते मानते. दोष तक्त्याचा असतो, संकोच मात्र मुलाच्या मनात बसतो. एवढ्याच कारणासाठी देखील तक्ता तपासून मगच यंत्र मुलांपुढे ठेवावे.

३. परीक्षेचा क्रम

पुढील परीक्षा दिलेल्या क्रमानेच कराव्यात. कोणतीही करण्यासाठी यंत्र उघडावे लागत नाही.

पहिली परीक्षा : यंत्र ‘शट डाऊन’ करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही. विंडोजच्या जलद प्रारंभाच्या सोयीमुळे प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो व दोषही जपला जातो. म्हणून सूचीतील ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा.

दुसरी परीक्षा : ही सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र सुरू होताच, विंडोजचे चिन्ह दिसण्यापूर्वी, एफ २, एफ १०, एस्केप किंवा डिलीट यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ वारंवार दाबावी. बायॉसचा पडदा उघडला व तेथे बाणांच्या कळांनी वरखाली जाता आले, तर कळा व त्यांची तार ठीक आहेत असे समजावे. कारण या पडद्यावर विंडोजचा ड्रायव्हर अद्याप कामास लागलेला नसतो. येथेही कळफलक निश्चल राहिला तर दोष यंत्राच्या अंगात असण्याचा संभव अधिक.

तिसरी परीक्षा : प्रवेशाच्या पडद्यावर उजवीकडे खाली सुलभतेचे चिन्ह असते. बोटपट्टीने किंवा माऊसने त्यावर टिचकी मारून पडद्यावरील कळफलक उघडावा व संकेतशब्द त्यावरून घालावा. शाळेचे अडलेले तातडीचे काम एवढ्याने पुढे सरकते.

चौथी परीक्षा : यूएसबीचा बाहेरचा कळफलक जोडून पाहावा. तो चालला व अंगचा चालला नाही, तर अंगच्या कळफलकाचा ड्रायव्हर किंवा तार यांत दोष आहे. बायॉसमध्ये दोन्ही चालतात आणि विंडोजमध्ये एकही चालत नाही, तर दोष प्रणालीचा आहे.

पाचवी परीक्षा : कळा चालतात पण फार वेळ दाबून धराव्या लागतात, असे असल्यास ‘फिल्टर कीज’ ही सोय चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहावे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास ती चालू करण्याविषयी विचारणा होते, व मुलांच्या हातून नकळत होकार दिला जातो. काही लहान यंत्रांत यू, आय, ओ, जे, के, एल या कळांतून अंक निघू लागतात. तेथे नमलॉक बंद करावे.

सहावी परीक्षा : ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कळफलकाच्या नावावर जाऊन ते काढून टाकावे व यंत्र रीस्टार्ट करावे, विंडोज तो ड्रायव्हर पुन्हा बसवते. त्याने भागले नाही, तर यंत्राच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या प्रतिमान-क्रमांकाचे ड्रायव्हर घ्यावेत. काही नव्या यंत्रांत कळफलक चिपसेटच्या मार्गाने जोडलेला असतो. तेथे चिपसेटचा ड्रायव्हरही बसवावा लागतो.

४. ‘नंतर’ आणि ‘मुळे’

एक सावधगिरी आपल्या मुलखात विशेष पाळावी लागते. येथील पाऊस मुबलक, धुके दाट आणि वर्गातील हवा कित्येक महिने ओलसर. जूनमध्ये शाळा उघडते, कपाटातील यंत्र बाहेर निघते, अनेक आठवड्यांचे अद्ययावतीकरण एकदम होते, आणि त्याच सुमारास ओलाव्याचा परिणामही दिसू लागतो. अशा वेळी कार्यप्रणाली बदलल्यानंतर झालेला बिघाड कार्यप्रणालीमुळेच झाला, असे मानणे घाईचे होईल.

भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रणालीचा दोष बहुधा सर्व कळांना एकसारखा बाधतो. परंतु पाच-सहाच कळा मृत झाल्या व बाकीच्या चालत असल्या, तर जाळ्यातील एखादी रेषा ओलाव्याने किंवा धुळीने निकामी झाली आहे असे समजावे. कारण एका रेषेवर कित्येक कळा अवलंबून असतात. बायॉसमध्येही त्याच कळा मृत आढळल्या म्हणजे निदान पक्के झाले. अशा यंत्राला नवा कळफलक बसवता येतो, आणि तोवर बाहेरच्या कळफलकावर काम चालते. एवढ्यासाठी संपूर्ण यंत्राचे निर्लेखन करणे योग्य नव्हे.

५. पूर्वतयारी

माहिती भरण्याची अंतिम तारीख जवळ आली असता कार्यप्रणाली बदलू नये. बदलण्यापूर्वी शाळेच्या सर्व धारिकांची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी. यंत्राचा प्रतिमान-क्रमांक, वापरातील मराठी तक्त्याचे नाव व संकेतशब्द कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या स्वाधीन ठेवावेत. यंत्रात बिटलॉकर चालू असेल, तर त्याचा ४८ अंकी पुनःप्राप्ती-क्रमांकही उतरवून घ्यावा. बदलानंतर तो विचारला जाऊ शकतो, आणि तो घालण्यासाठीच कळफलक लागतो. बॅटरी पूर्ण भारलेली असावी व विजेची जोडणीही असावी. वीज मध्येच गेल्याने अर्धवट बसलेली प्रणाली हे बिघाडाचे मोठे कारण आहे. मोठा बदल झाल्यावर सर्वसाधारणपणे १० दिवसांच्या आत पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाता येते. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच सर्व कळा मराठीत व इंग्रजीत तपासून घ्याव्यात.

प्रत्येक केंद्रात यूएसबीचा एक साधा कळफलक केंद्रप्रमुखांकडे ठेवला, तर केंद्रातील सर्व शाळांना चौथी परीक्षा करता येईल. त्याचा खर्च यंत्र घेऊन नाशिकला जाण्यायेण्याच्या खर्चाच्या मानाने अल्प आहे.

यंत्रावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी तीन प्रश्नांची उत्तरे त्याच चिठ्ठीवर लिहावीत : बायॉसमध्ये कळा चालतात काय? बाहेरचा कळफलक चालतो काय? सर्वच कळा मृत आहेत, की काहीच? ही तीन उत्तरे हाती असली म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि पुष्कळ वेळा यंत्र त्याच्याकडे नेण्याचे कारणच उरत नाही.