नर्तकाचे नृत्यचिंतन आणि चित्रपट : काठीच्या होळीच्या संदर्भात

प्रस्तावना :
नृत्य आणि चित्रपट यांच्या संबंधाचा विचार बहुधा दिग्दर्शकाच्या किंवा समीक्षकाच्या बाजूने केला जातो. प्रत्यक्ष नाचणाऱ्याची बाजू मागे राहते. सातपुड्यातील आदिवासी नर्तकांचे नृत्यचिंतन ग्रंथांपेक्षा त्यांनी पाळलेल्या नियमांत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्या नियमांच्या आधारे चित्रपटमाध्यमाची मर्यादा तपासली आहे.

काठीची होळी व पालनी :
नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी हे गाव आहे. तेथील राजवाडी होळीसाठी उंच बांबू उभारला जातो. रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्य चालते आणि पहाटे होळी पेटते. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू व वाळलेले दुधी भोपळे अशा वेशातील बावा आणि बुध्या हे या सोहळ्याचे वैशिष्ट्य होय. हे सोंग नवसाचे असते. त्यासाठी ‘पालनी’ करावी लागते : जमिनीवर निजणे, अंघोळ न करणे, ब्रह्मचर्य राखणे. म्हणजेच नर्तकाच्या दृष्टीने नृत्य ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होत नाही. ते काही दिवस आधीच सुरू झालेले असते. कॅमेरा टोप आणि ठिपके टिपतो, व्रत टिपू शकत नाही.

लावणीचा पडताळा :
हा प्रश्न केवळ विधिनृत्यापुरता नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर (पद्मश्री, 2012) यांच्या बैठकीच्या लावणीत गाणारी आणि अदा करणारी स्त्री एकच असे. समोरच्या श्रोत्याचा प्रतिसाद पाहून तीच ओळ नव्या भावाने पुन्हा मांडता येई. ‘पिंजरा’ (1972) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात मात्र लावण्यांचा स्वर उषा मंगेशकरांचा आणि नृत्य संध्या यांचे आहे. गीताचा कालावधी ध्वनिमुद्रणाने आधीच निश्चित होतो आणि कोणती अदा किती वेळ दिसावी, हे संकलक ठरवतो. चित्रपटाने लावणी घरोघरी पोहोचवली, हे निर्विवाद. परंतु प्रतिसादानुसार नृत्य घडवण्याचा कलावंताचा अधिकार त्यात उरला नाही.

निष्कर्ष :
काठीच्या नर्तकाचे व्रत आणि बैठकीतील कलावंताची उत्स्फूर्तता या दोन्ही गोष्टी चौकटीबाहेर राहतात. यावरून चित्रीकरण त्याज्य ठरत नाही. त्याची पद्धत मात्र बदलावी लागते. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी असे चित्रीकरण करताना तयारीचे दिवसही नोंदवावेत, पालनीचे निर्बंध आधी समजून घ्यावेत, नर्तकांची संमती घ्यावी आणि झालेले चित्रण प्रथम त्यांनाच दाखवून त्यांचे अभिप्राय त्यांच्या बोलीत जतन करावेत. स्नेहसंमेलनात मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या टोपामागील पालनी ठाऊक असावी, ही जबाबदारी अध्यापकांचीच आहे.