तुमच्या गावाची फाइल कुठाय?

‘नेटिव्ह कुठलं तुझं?’ पुण्या-मुंबईच्या ऑफिसात जॉइन झालात की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. मी ‘पहूर’ म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा ब्लँक! मग ‘जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, अजिंठ्याला जाताना लागतं ते’ असं सगळं सांगावं लागतं. गंमत म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचं गाव इथेच संपतं. पानिपत तोंडपाठ, पण आपल्या गावात रेल्वे कधी आली ते माहीत नाही.

पण बॉस, गावाला इतिहास असतो. फक्त तो मॉलमधल्या बुकशॉपमध्ये नसतो, दप्तरात असतो. आणि ही दप्तरं बघायला पीएच.डी. लागत नाही. एखादी सुट्टी आणि थोडा पेशन्स पुरतो.

आधी नाव नीट टाका

पहूरमध्ये ग्रामपंचायती दोन : पहूर कसबे आणि पहूर पेठ. कसबा म्हणजे जुन्या कारभारातलं मोठं गाव, पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती. म्हणजे अर्धा इतिहास पाटीवरच लिहिलेला!

पुढचा धडा सर्चचा. ‘जळगाव जिल्हा’ टाकून जुने कागद शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. १९०६ पर्यंत अख्खा खानदेश एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. ‘जळगाव’ आणि ‘धुळे’ ही जिल्ह्यांची नावं १९६० नंतरची. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणजे पणजोबांना शोधायचं तर ‘खानदेश’ किंवा ‘पूर्व खानदेश’ असंच शोधायचं.

सुरुवातीला बेस्ट म्हणजे १८८० चं खानदेश गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. पिकं, जाती, रस्ते, भाव सगळं त्यात आहे आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, हे साहेबाने राज्य चालवण्यासाठी लिहून घेतलंय. भिल्लांबद्दलची पानं वाचताना तर हे फारच जाणवतं.

पीजे आणि पलीकडचं राज्य

पहूरची खरी स्टार म्हणजे ‘पीजे’. पाचोरा ते जामनेर ही छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज १९१९ पर्यंत जामनेरला पोचली. मुख्य कारण कापूस! पण त्या काळच्या प्रवाशांच्या गाइडबुकांत पहूर वेगळ्याच कारणासाठी भेटतं, ‘अजिंठ्याचं जवळचं स्टेशन’ म्हणून. लेणी बघायला आलेला पाहुणा इथे उतरून पुढे फर्दापूरचा रस्ता धरायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाडी थांबली, मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं आणि ती छोटी गाडी परत धावली नाही.

आता ट्विस्ट बघा. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे पहूरकडे येते. नदी एकच, पण १९४८ पर्यंत राज्यं दोन! पहूर ब्रिटिशांच्या खानदेशात, अजिंठा निजामाच्या हैदराबादेत. म्हणून पहूरचे सरकारी कागद धुळे-जळगाव-मुंबईकडे गेले, तर अजिंठ्याच्या कारभाराचे हैदराबादकडे. काही मैलांवरच्या दोन गावांचा इतिहास दोन भाषांत आणि आज दोन राज्यांत!

धुळ्याला एक चक्कर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांतले आणि माळ्यांवरचे कागद गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड छापत गेले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. जुने कागद आणि पोथ्या तिथे जपल्या आहेत. समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांसाठी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा.

अडचण एकच, मोडी. जुने मराठी कागद बहुतांश याच लिपीत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. जर्मन, जॅपनीज शिकतोच ना आपण? मग ही तर आपल्याच पणजोबांची लिपी!

तहसीलची ती खोली

सगळ्यात थ्रिलिंग जागा मात्र तहसील कचेरीतला अभिलेख कक्ष. जुने सात-बारा, फेरफार, आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक ‘कोतवाल नक्कल’ म्हणतात. अर्ज करायचा, फी भरायची, नक्कल मिळते. हे नुसतं हौसेचं काम नाही बरं का. जात पडताळणीसाठी ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आदिवासींना १९५० पूर्वीचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. एका ओळीवर कुणाची अ‍ॅडमिशन, कुणाची नोकरी अडते. तो कागद वाळवीने खाल्ला तर?

आणि जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळायला हवं होतं, म्हणून खातेदाराचं नाव आलं. सालदाराचं आलं नाही. निंदायला जाणारीचंही नाही. आमच्या घरातल्या एका नकलेत आजीच्या जन्माची नोंद आहे. तारीख आहे, बापाचं नाव आहे, जात आहे. पुढे फक्त ‘मुलगी’. तिचं नाव, ती पीजेत बसून माहेरी जायची ते, गाडीची शिट्टी ऐकून चुलीवर भात टाकायची ते, हे सगळं तिने सांगितलं म्हणून मला माहीत.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन कामं करा. तहसीलमध्ये एक अर्ज टाका. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर मोबाइलचं रेकॉर्डिंग ऑन करून बसा. अर्जाचं उत्तर यायला वेळ लागेल, चालेल. दुसरं काम मात्र पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.